खोडवा नसलेली माती

रंगनाथतात्यांच्या नर्सरीत कुणी नवं माणूस आलं, की तात्या आधी त्याच्या पायांकडे बघत. चपलेला लागलेल्या मातीवरून आपण माणसाचं गाव ओळखतो, असं त्यांचं म्हणणं होतं. “तुमी सुप्याचे,” ते ठामपणे सांगत. समोरचा म्हणे, “न्हाय तात्या, मी इंदापूरचा.” तात्या पुन्हा एकदा चपलेकडे बघत आणि म्हणत, “मग चप्पल सुप्याच्या पावण्याची घालून आला आसाल.” एकदा एका माणसाने कबूल केलं, की चप्पल खरोखरच मेव्हण्याची आहे आणि मेव्हणा सुप्याचा आहे. त्या एका चपलेवर तात्यांनी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मी लग्न होऊन पिंपळीत आले तेव्हापासून तात्या आमचे शेजारी. आमचं घर आणि त्यांची नर्सरी यांच्यामध्ये फक्त एक बांध. मी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून मी त्यांची ‘मॅडम’. त्यांच्या घरात इंग्रजीतलं काहीही आलं, औषधाची बाटली, बियाण्याचं पाकीट, जावयाने पाठवलेलं चॉकलेट, की ते बांधावरून माझ्याकडे यायचं. मी वाचून दाखवायचे. तात्या ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “मला वाटलंच हुतं.”

नर्सरीत ढबू मिरची, टोमॅटो, काकडी, कलिंगड यांची रोपं होत. हिरव्या जाळीखाली काळ्या ट्रेच्या रांगाच रांगा. इंदापूरपासून सुप्यापर्यंतचे बागायतदार टेम्पो घेऊन येत. तात्यांचा हिशेब साधा होता, “रोप म्हंजे सासरी जाणारी पोरगी. मुळं गच्च पायजेत, मिजास नगं.” यावर मी एकदा त्यांच्याशी चांगलंच भांडले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, ऱ्हायलं. जावय म्हना. मुळं जावयाला बी पायजेतच.”

पण तात्यांचा खरा अभिमान रोपांत नव्हता, ती ज्यात उगवत त्यात होता. आसपासचे सगळे नर्सरीवाले कोकोपीट वापरत, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तात्या त्यात निम्मं विलायती पीट मिसळत. ते आयर्लंडहून, गच्च आवळलेल्या मोठाल्या गोण्यांतून येई. गोणी फोडली की आतला काळसर, मऊ, भुसभुशीत माल कोंडलेला श्वास सोडल्यासारखा फुगून वर येई. कामाच्या बायका त्याला ‘काळं पीठ’ म्हणत. तात्यांच्या पत्नी, कमलकाकू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “लोकांची मानसं परदेशातनं सोनं आनत्यात. आमच्या ह्यांनी पीठ मागिवलंया.”

पाहुण्याला चहाच्या आधी पिटाचा वास घ्यावा लागे. तात्या ओंजळभर पीट त्याच्या नाकाशी धरत. “घ्या. भिऊ नगा. ह्ये जवा तयार व्हाया लागलं, तवा बारामती नव्हती.” ही माहिती गोणीवरची, आणि ती मीच वाचून दाखवलेली. थंड, पाणथळ प्रदेशात एक प्रकारचं शेवाळ वाढतं, मरतं, पाण्याखाली न कुजता दबत जातं, आणि हजारो वर्षांनी त्याचं पीट होतं. वर्षाला नखाच्या जाडीएवढासुद्धा थर वाढत नाही. तात्यांना यातलं एकच आवडलं होतं, ते म्हणजे वय. जुन्या तांदळासारखं ते जुन्या मातीचं कौतुक करत.

मग रूपालीचं बाळंतपण आलं.

रूपाली ही तात्यांची थोरली. नवऱ्याबरोबर आयर्लंडला नोकरी करते. बाळंतपणाला काकूंनी जायचं ठरलं, आणि काकू एकट्या विमानात बसणार नाहीत म्हणून सोबतीला तात्या निघाले. नर्सरी महेशवर, म्हणजे मुलावर सोपवली. जाताना तात्यांनी मला बांधाशी बोलावून बेत सांगितला. “मॅडम, नात बघायची ही एक गोष्ट. आनि आपली माती जितनं येती तितं जायाचं, मालकाला गाठायचं, मधला दलाल काढून टाकायचा. थेट शिवारातनं माल.”

तिकडे त्यांनी पहिले काही दिवस शेजाऱ्यांच्या कुंड्यांत बोटं घालून वास घेण्यात घालवले. एका बाईंनी रूपालीकडे अगदी सभ्यपणे चौकशी केली, की तुमचे वडील काही शोधताहेत का. नात झाली, बारसं झालं, आणि एका रविवारी तात्यांनी जावयाला सांगितलं, “बापू, आता माझी खान दावा.”

त्या रविवारी काय झालं याच्या माझ्याकडे दोन हकिकती आहेत. रूपालीच्या हकिकतीत तात्या पिटाच्या दलदलीपाशी गाडीतून उतरले, “आरं, ही तर गादी हाय,” म्हणाले, नको नको म्हणत असताना चार पावलं पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. तात्यांच्या हकिकतीत ते आत गेलेच नाहीत. “मी वाकून बघत हुतो,” ते म्हणत. “बघताना मानूस जरा बुटका दिसतो.”

त्यांना बाहेर काढायला एक म्हातारा फळी घेऊन आला. त्याचं नाव पॅट्रिक. तात्यांनी त्याचा पहिल्या मिनिटाला ‘पाटील’ केला आणि तो आजतागायत पाटीलच आहे. त्या दलदलीचा एक तुकडा पाटलांच्या घरचा होता. जावई दुभाषी म्हणून मध्ये उभा राहिला, पण त्याला फारसं काम पडलं नाही. तात्या मराठीत मोठ्याने बोलत, पाटील इंग्रजीत मोठ्याने बोलत, आणि दोघं माना डोलावत. पाटलांनी खाली वाकून मूठभर ओलं शेवाळ उपटलं आणि कपडा पिळावा तसं पिळलं. पाण्याची धार लागली. तात्यांनी ती मूठ स्वतः घेतली, पिळली. पुन्हा धार.

हे सांगताना तात्यांचा आवाज बदलायचा. त्यांचं आजोळ सुप्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. तिथे लहानपणी त्यांनी पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना आजीचा हात जड होताना पाहिलेला. “मॅडम, जमीनच पानी धरून बसलीय. हीर न्हाय, तळं न्हाय. नुसती जमीन. वर लाल-हिरवं शेवाळ, पाय दिला की सगळं शिवार हालतंय. एक एवढंसं झाड माशी खातंय! चिकटून धरतंय आनि खातंय, मी सोत्ता बघितलं. एक पाखरू लांब चोचीचं, असं वरडतंय की वाटावं कुनीतरी शिट्टी मारून बोलावतंय.”

“आणि खाण?”

“तीच सांगतोय. पाटलानं मला फळीवरनं पलीकडं नेलं. पलीकडं सगळं काळं. सपाट. गवताची काडी न्हाय. आनि मधनं नाले खांदलेले, सरळ, लांबच्या लांब. त्यातनं पानी चाललंय वाहून. मी पाटलाला इच्यारलं, ह्ये नाले कशाला? तर म्हनला, वाळवाया. पानी काढून दिल्याबिगर माल निघत न्हाय.” तात्या थांबत. “आमच्यात पानी आडवाया जल्म गेला. तितं पानी घालवाया नाले खांदत्यात. आनि कशापायी? माझ्या ढबूपायी.”

थेट शिवारातून माल घ्यायचा बेत तिथेच बुडाला. तात्यांच्या मते तेवढंच काय ते बुडालं.

परत आल्यावर चहाच्या आधी त्यांनी महेशला सांगितलं, “पीट बंद.”

महेश शेतकी पदविका घेतलेला, शांत, कामसू मुलगा. त्याला वाटलं प्रवासाचा शीण आहे, उतरेल. पण तात्यांनी संध्याकाळपर्यंत नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली होती. “मी पीट सोडलंय. आता रोपं कशी येतील त्याची ग्यारंटी न्हाय. पटत आसंल तर घ्या.” महेश माझ्याकडे बांधावर येऊन डोकं धरून बसला. “मॅडम, स्वतःच्या दुकानाच्या दारात उभं राहून ‘माल खराब निघंल’ म्हणून ओरडणारा माणूस बघितलाय का तुम्ही?”

त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या बांधावरून जे वास आले त्यांबद्दल मी फार लिहीत नाही. तात्यांनी पिटाच्या जागी काय घालता येईल याचे प्रयोग सुरू केले. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, आणली. ती नीट कुजलेली नव्हती, ट्रेमध्ये तापली आणि बी शिजलं. गांडूळखत आणि कोकोपीट आणलं, त्यात काय चुकलं कुणास ठाऊक, पण टोमॅटोच्या आधी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. एक गिऱ्हाईक बराच वेळ ट्रेकडे बघत उभं होतं. शेवटी त्याने विचारलं, “तात्या, ही कोनती व्हरायटी?” तात्या म्हणाले, “चाचनी चाललीय.”

मग त्यांना वाटलं, दक्षिणेतून येणाऱ्या भुशाचा भरवसा धरण्यापेक्षा काथ्या आपणच कुटावा. देवळात फुटणाऱ्या नारळांची सोडणं, शेंड्या, सगळं त्यांनी पोत्यांनी गोळा केलं आणि अंगणात लाकडी मोगरीने कुटायला बसले. काकूंनी दारातून पाहिलं. “जल्मभर तोंडानं काथ्याकूट केला. आता हातानं करा, म्हंजे फिटलं.”

या सगळ्यात ते भिगवणलाही जाऊन आले. तिकडच्या दलदलीतलं ते लांब चोचीचं पाखरू उजनीच्या पाण्यावर दरसाल येतं, अशी त्यांची खात्री पटली होती. पक्षी दाखवणाऱ्या नावाड्याने परोपरीने सांगितलं, की यासारखे इथे येतात, पण ते दुसऱ्या देशातले, आयर्लंडचे इकडे येत नाहीत. तात्यांनी विचारलं, “तुला काय पासपोर्ट दावून जात्यात का?”

इथवर सगळी गंमत होती. मग शालनताईंची ऑर्डर आली.

शालनताई इंदापूर तालुक्यातल्या. शेडनेटमध्ये ढबू करायच्या, आणि रोपं दरवर्षी तात्यांचीच न्यायच्या. बाई तोंडाने फटकळ. तात्यांनी फोनवर पीट सोडल्याचं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी मध्येच तोडलं, “तात्या, तुमी पिठात वाढवा न्हायतर साखरंत वाढवा. मला दिलेल्या वायद्याला रोपं पायजेत. वाफं तयार हायती.”

तात्यांनी त्यांचे ट्रे निव्वळ कोकोपीट आणि गांडूळखतात लावले. उगवण छान झाली. तात्या दिवसभर लोकांना बोलावून दाखवत होते. मग दुसरं पान फुटायच्या सुमाराला रोपं पिवळी पडायला लागली. भुसा खारा होता; निम्मं पीट असताना ते कधी जाणवलं नव्हतं. समुद्राकाठच्या नारळांचा, नीट न धुतलेला. तात्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि थुंकले. शालनताईंचे वाफे तयार, ठिबक अंथरलेलं, मजूर सांगून ठेवलेले, आणि इकडे ट्रेच्या रांगा हळद लावल्यासारख्या पिवळ्या.

महेशने बापाला न विचारता पिटाच्या काही गोण्या आणल्या आणि गोठ्यात उसाच्या वाढ्याखाली, म्हणजे शेंड्यांच्या वैरणीखाली, लपवल्या. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकूंना, कामाच्या बायकांना, मला. दुसऱ्या दिवशी तात्या म्हशीला वैरण टाकायला म्हणून गोठ्यात गेले आणि दारातच थबकले. नाक वर केलं. वाढं बाजूला सारलं. बाहेर येऊन त्यांनी महेशला हाक मारली, तशी मी बांधापाशी गेले. बारसं चुकलं तरी चालतं, पण असं भांडण चुकवणं शेजारधर्मात बसत नाही.

“ह्ये काय?”

“पीट.”

“ते दिसतंय. कुनी सांगितलं हुतं?”

“कुणी नाही.” महेशचा आवाज चढला. तो कधी चढत नाही. “तात्या, तिकडची दलदल तुम्ही वाचवा. मी नाही म्हणत नाही. पण तिकडची दलदल वाचवायला हिकडची बाई बुडवायची का? शालनताईंनी तुमच्या शब्दावर वाफे केलेत. पाटलाच्या नाही.”

तात्या गोणीवर बसले. त्यांनी गोणीच्या फाटक्या कोपऱ्यातून थोडं पीट काढून बोटांत चोळलं. म्हशीने मान हलवली, घंटी वाजली. मग ते उठले आणि म्हणाले, “शालनचं पीक मोडायचं न्हाय. लाव ह्यात. आता तितनं उपसून आनलेलं परत काय जितं व्हनार न्हाय, ते वाया तरी घालवू नगंस.” दोन पावलं जाऊन वळले. “पन माझा निम्मा मांडव मला सोड. मी भुसा धुतो.”

आणि ते भुसा धुवायला लागले. एका बाजूला महेशचे पिटातले ट्रे, दुसऱ्या बाजूला तात्यांचे धुतलेल्या भुशातले, दोन्हींत एकच वाण. तात्या सकाळी पायजम्याची एक तंगडी वर खोचून टाकीत उतरत, भुसा पाण्यात भिजवत, निथळत, चिमूट जिभेवर ठेवत, थुंकत, पुन्हा भिजवत. धुतलेलं पाणी नारळाच्या झाडांना सोडत, “त्यांचंच मीठ हाय, त्यांना लागू दे,” म्हणत. काकूंनी विचारलं, “एवढं तांदूळ कवा धुतलं हुतं का?”

शालनताईंना वायदा थोडा पुढे ढकलावा लागला. त्या स्वतः टेम्पोत बसून आल्या, भांडायची तयारी करूनच. तात्यांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. पहिली रोपं का गेली, ही कशात आहेत, ती कशात आहेत, दलदल, नाले, पाटील, माशी खाणारं झाड. शालनताईंनी दोन्हीकडचं एकेक रोप उपसून मुळं बघितली. पिटातलं रोप जरा उंच होतं, ते कुणालाही दिसत होतं. त्या म्हणाल्या, “मी एकीकडंच सगळं टाकनार न्हाय. निम्मी ह्याची, निम्मी तुमची. आनि तात्या, मला त्या पाटलाचं पुन्यांदा सांगू नगा.”

कुठली रांग कुणाची हे कळावं म्हणून महेशने काड्यांना लाल आणि पांढऱ्या चिंध्या बांधून दिल्या. ढबू तोडणीला आल्यावर तात्या मला गाडीत घालून बघायला घेऊन गेले. चिंध्या गायब होत्या. शालनताईंच्या शेळीने जाळीच्या फटीतून आत जाऊन तेवढ्याच खाल्ल्या होत्या. तात्यांनी रांगांतून दोनदा फेऱ्या मारल्या, वास घेतला, पानं चुरगाळली, आणि छाती पुढे काढून एका रांगेकडे बोट दाखवलं, “ही माझी.”

“ती पिटातली,” शालनताई म्हणाल्या. मग जरा विचार करून, “किंवा नसंल. मला बी आता सांगता येत न्हाय. ढबूला काय म्हाईत आयर्लंड कुठं हाय?”

तात्यांना या उत्तराने इतका आनंद झाला, की परतताना त्यांनी मला तेच वाक्य निदान तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर सांगितलं.

त्यानंतर महेशनेही पीट मागवलं नाही. पीटवाल्या कंपनीला मात्र पिंपळीची ऑर्डर थांबल्याचं जाणवलं असावं. थंडीत एक गोरा माणूस गाडीतून उतरला. उंच, नम्र, नेदरलँडचा; आयर्लंडचं पीट तिथली कंपनी विकत होती. नाव यान. कार्डावर ते ‘जान’सारखं दिसत होतं, म्हणून तात्यांसाठी तो जानराव झाला. दुभाषी म्हणून मला कॉलेजातून बोलावून घेतलं. जानरावांनी थैली काढून नमुने मांडले आणि महेशपुढे प्रस्ताव ठेवला. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांची एजन्सी महेशला. त्याने स्वतः वापरलं पाहिजे असंही नाही, फक्त विकायचं. महेशचे कान लाल झाले. पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडून बारामतीत दुकान टाकायचं त्याच्या मनात कधीपासून होतं, ते मला माहीत होतं. तात्यांनाही माहीत असावं, कारण ते महेशकडे बघत नव्हते.

“मॅडम, त्यांना इच्यारा, पानी कुठं सोडता?”

मी विचारलं. जानरावांनी नाले, परवाने, नियम, सगळं नीट सांगितलं. आता पूर्वीसारखं नाही, काम झाल्यावर नाले बुजवतात, पाणी परत आणतात, शेवाळ पुन्हा लावतात.

“चांगलं करत्यात,” तात्या म्हणाले. “आता इच्यारा, ह्याला खोडवा कवा येतो?”

मी अडले. वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण खोडव्याला काय म्हणतात हे कुणी मला विचारलं नव्हतं. मग समजावून सांगितलं. आमच्याकडे ऊस तोडतात. बुडखा जमिनीत ठेवतात. त्याच मुळांतून पुन्हा ऊस फुटतो, नव्याने लागण करावी लागत नाही. त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. हे विचारताहेत, की पीट काढल्यावर ते पुन्हा कधी येतं.

जानरावांनी नमुन्याच्या थैलीचं तोंड घडी घालून बंद केलं. मग म्हणाले, शेवाळ परत येईल, काही वर्षांत, नशीब असेल तर. पण जे काढलं ते नाही. ते माझ्या आयुष्यात नाही, माझ्या मुलांच्याही नाही. त्याला खोडवा नाही. त्यांनी ‘खोडवा’ हा शब्द मराठीतच उच्चारला, आणि जवळजवळ बरोबर.

मी मराठीत सांगितलं. तात्यांनी जानरावांकडे नीट पाहिलं, त्यांच्या बुटांकडेही पाहिलं, आणि आत बघून ओरडले, “अगं ए, मानूस खरं बोलला. ह्याला जेवू घाला.”

जानराव भाकरी आणि ठेचा जेवले. ठेच्याचा दुसरा घास त्यांनी का घेतला हे मला समजलेलं नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही ते काकूंना हाताने ‘उत्तम’ म्हणत होते. काकूंनी दह्याची वाटी पुढे सरकवली आणि मला म्हणाल्या, “ह्यांचं बी पानी वाहून चाललंय बघा.”

महेश त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा हातात कार्ड नव्हतं. मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला, “नको म्हटलं.” मग ट्रे सरळ करता करता, माझ्याकडे न बघता, “मॅडम, मला वाटलं होतं तो खोटं बोलंल. खोटं बोलला असता तर मला घेता आलं असतं.”

सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही मोठी पॉलिहाउसवाली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बारामतीतलं दुकान अजून झालेलं नाही. आसपासच्या नर्सऱ्यांत विलायती गोण्या अजून येतात, आणि तात्या तिथून जाताना मान दुसरीकडे वळवतात, जशी भाऊबंदकीत वळवावी. पण शालनताई येतात. भुसा धुवायला महेशने फिरती टाकी बनवून घेतली आहे, आणि ती आपलीच कल्पना होती असं तात्या सांगतात.

त्याच टाकीच्या सांडलेल्या पाण्यावरून घसरून तात्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, शेडमध्ये खाट टाकून घेतली. त्यांनी मला सांगितलं, “पडलो न्हाय. बसलो. जरा जोरात बसलो.”

मी कॉलेजातून येताना त्यांना भेटायला गेले, त्या दुपारची ही गोष्ट. लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. वाटलं, दुखणं वाढलं. धावत गेले तर तात्या खाटेवर उशीला टेकून बसलेले, काकूंनी त्यांच्या तोंडापुढे मोबाइल धरलेला, आणि तात्या मोबाइलवर ओरडत होते, “आरं खालनं! खालनं धरा! वरनं माती टाकून काय व्हनार, पानी बुडातनं जाईल!”

पडद्यावर ढगाळ सकाळ होती. चिखलाने बरबटलेले आठदहा म्हातारे-तरुण आणि एक काळा नाला. पाटलांच्या गावच्या लोकांनी जुने नाले बुजवायला घेतले होते, आणि रूपाली लेकीला घेऊन मदतीला गेली होती. तात्यांनी तरुणपणी रोजगार हमीवर नालाबांध घातले होते हे मला त्या दिवशी कळलं, कारण ते तिकडच्या प्रत्येक माणसाला तेच सांगत होते. रूपाली भाषांतर करत होती, पण तात्या तिला वाक्य पुरं करू देत नव्हते.

“त्यांना म्हनावं फळी आत ठोका. आजून. आजून! पाटील, ओ पाटील! कडंला सांडवा ठेवा. जास्तीचं पानी कडंनं जाऊ द्या, न्हायतर बांध फुटंल.”

पाटील मोबाइलकडे तोंड करून काहीतरी लांबलचक बोलले. तात्या म्हणाले, “व्हय, हितंच.” पाटलांनी फळी ठोकली. दोघांनी दोन्ही बाजूंनी ओली माती दाबली. मग सगळे मागे सरले.

रूपालीने मोबाइल नाल्याच्या अगदी जवळ नेला. पाण्यावरून गवताचं एक वाळलेलं पातं वाहत येत होतं. ते फळीपाशी आलं, गिरकी घेतली, फळीला टेकलं आणि तिथेच राहिलं.

“थांबलं,” मी म्हणाले.

तात्यांनी हाताने मला गप्प बसवलं. त्यांनी चष्मा वर सारला आणि डोळे मोबाइलच्या इतके जवळ नेले, की नाक काचेला लागलं. पलीकडे कुणीतरी हसत होतं, रूपाली “तात्या, आता ठेवू का, बाळाला थंडी वाजतीय,” म्हणत होती. काकूंचा हात अवघडला होता. त्या म्हणाल्या, “अवो, झालं की आता. बांध बसला. काय बघताय?”

“बाळाला गाडीत बसव, पन मोबाइल हितंच ऱ्हाऊ दे,” तात्या रूपालीला म्हणाले. आणि मग आमच्याकडे न वळता, हळू आवाजात, “दम धरा जरा. आता पानी चढंल.”